आखाजीचे परत आलेले डबे

नातवंडांनो,

परवा तुमच्यातल्या थोरलीने फोनवर विचारलं, की उद्योजकाला म्हणे भावनिक बुद्धिमत्ता लागते, असं आम्हाला कॉलेजात शिकवतात. तू असं कुणी पाहिलं आहेस का? मी म्हटलं, "तुझी आत्या." पुढे बोलायचं राहिलं. आज सकाळ निवांत आहे आणि सगळं नीट आठवतंय, म्हणून लिहून ठेवते.

तुमच्या आजोबांना इथल्या शाळेत नोकरी मिळाली, तेव्हा आम्ही कोकणातून सिल्वासाला आलो आणि इथलेच झालो. तुमच्या आत्याचं सासरही इथलंच. आतोबांची कंपनी अचानक बंद पडली. ते महिनोन् महिने घरी बसून होते. मग आत्याने इथल्याच आमली भागात एक खोली घेतली आणि कारखान्यांतल्या कामगारांना डबे द्यायला सुरुवात केली. बहुतेक जण खानदेशातले, कुटुंब गावी ठेवून आलेले. घर त्या डब्यांवरच चालत होतं. मीही रोज भाजी निवडायला जात असे.

पहिल्याच उन्हाळ्यात अक्षय्य तृतीया आली. आपल्याकडे त्या दिवशी थोडं गोडधोड केलं की झालं. आत्याने नेहमीसारखी भेंडीची भाजी, पोळी, वरण-भात पाठवला. संध्याकाळी डबे परत आले ते जसेच्या तसे भरलेले.

मला राग आला. आधी सांगता येत नव्हतं का, असं मी बोलूनही गेले. आत्याने सगळे डबे घासून पालथे घातले, तोंडावर पाणी मारलं आणि कामगारांच्या खोल्यांकडे निघाली. मी तिच्या मागोमाग गेले.

त्यांनी दुसरी खानावळ बघून ठेवली होती, हे तिथे गेल्यावर कळलं. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "ताई, आखाजीला भेंडी? आमच्याकडे सुतकातबी कोनी असं जेवत नाही."

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीएवढी मोठी. लेकी माहेरी येतात, पितरांना नैवेद्य दाखवतात. यांना मात्र रजा मिळाली नव्हती. आत्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तसं तिने सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. पण तिने सांगितलं नाही. ती दारातच खाली बसली आणि तिने विचारलं, "घरी आज काय केलं असेल?"

एकाने आमरस म्हटलं, दुसऱ्याने कुरडई. तिसरा मांड्यांबद्दल सांगू लागला, उपड्या खापरावर भाजतात त्या मोठ्या, पातळ पुरणपोळ्या. त्याची आई तो मांडा हातावरच कसा मोठा करते, हे त्याने हात पसरून दाखवलं. आत्या ऐकत राहिली. उठताना एवढंच म्हणाली, की येत्या सुट्टीला सगळ्यांनी जेवायला यावं, आणि मग जायचं तिथे जावं.

त्या सुट्टीला तिने खापर मिळवलं आणि सकाळपासून मांडे करायला बसली. पहिला फाटला, दुसरा एका बाजूला जाड झाला. ते वयस्कर गृहस्थ पानावर बसून बघत होते.

"ताई, हा मांडा नाही, तुमच्या कोकणचा नकाशा झाला."

"मग रत्नागिरीपासून खायला घ्या, भाऊ."

सगळे हसले. इतके दिवस डबे खात होते, पण त्यांना असं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आमरस दोनदा करावा लागला. कोणीच दुसऱ्या खानावळीत गेलं नाही.

नंतर मी आत्याला विचारलं, की तुला अपमान वाटला नाही का? म्हणाली, "वाटला ना. पण त्यांना घराची आठवण येत होती गं आई. माझा अपमान त्याच्यापुढे लहान होता." तुमच्या कॉलेजात याला मोठं नाव असेल. आम्ही याला समजूत म्हणतो.

त्या माणसांचे माझ्यावर उपकार आहेत. गुपचूप दुसरीकडे न जाता ते मनातलं बोलले, म्हणून माझ्या लेकीचं घर उभं राहिलं. आतोबांनाही धीर आला, आणि पुढे तेच बाजारहाट बघू लागले.

ते वयस्कर गृहस्थ आता गावी परतले आहेत. कामगार बदलले, काही बिहारचे आहेत, काही ओडिशाचे. खानावळ आमलीतच आहे. नवीन माणूस आला की आत्या त्याला आधी विचारते, तुमच्याकडे मोठा सण कोणता.