राजाच्या झग्याचं माप

जुन्या कपड्यांच्या ढिगात माझी मामी एकदा शिरली की तिला हाका मारून काही उपयोग नसायचा. बाजाराच्या मागच्या अंगाला गाडीवाले गाठोडी सोडून कपडे ताडपत्रीवर नुसते ओतायचे. तिथे ती कमरेत वाकलेली, आणि मी पिशव्या सांभाळत मागे, नाकाला रुमाल लावून. मामीला वासाचं काही सोयरसुतक नव्हतं. एकेक कपडा उजेडात धरायची. आधी कोपर बघायची, मग बसायची जागा, मग काख. आणि लगेच मालकाची कुंडली मांडायची. हा डावखुरा होता, हा दिवसभर खुर्ची सोडत नसणार, ही बाई खांद्याला जड पर्स अडकवून फिरायची. खरं-खोटं कोण तपासायला जातंय! मला तेव्हा कंटाळा यायचा, हे कबूल. आता दोघंही नाहीत, ना मामी ना मामा, आणि रस्त्यात असा ढीग दिसला की माझे पाय आपोआप थांबतात.

मामी दिवसा लोकांच्या पँटी आखूड करायची, चेनी बदलायची. संध्याकाळी शिवायची ते नाटकमंडळींचे पोशाख. मंडळी हौशी होती. कुणी औषधांच्या दुकानात, कुणी बँकेत, आणि दिग्दर्शक म्हणजे शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर. नवं कापड आणायचं नाव कुणी काढत नसे. मामीने जुन्या पडद्यांतून आणि नाइटगाऊनांतून कितीतरी सेनापती आणि राजकन्या उभ्या केल्या.

या मंडळींत मामाही होता. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून, अंगाने भरदार, पोट चांगलं सुटलेलं, आणि नाटकाचं वेड अगदी हाडीमाशी. पण वाट्याला काय, तर पहारेकरी, निरोप्या, गर्दीतला शेवटचा. एकदा तर पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत नुसतं प्रेत. प्रेताचं पोट वर-खाली होतंय म्हणून लोक खो खो हसले, तर हा घरी येऊन सांगतो, आज प्रेक्षक अगदी रंगले होते. मामीने डोक्याला हात लावला.

अशा माणसाला त्या वर्षी मास्तरांनी राजा दिला. मामा तालमीहून आला तो चपला न काढताच स्वयंपाकघरात. मामी भांडी घासत राहिली. पण दुसऱ्या दिवशी मला घेऊन बाजारात हजर. दोन मरून ओव्हरकोट तिने असे ओढून काढले की शेजारची बाई बघतच राहिली. शिवाय एका लहान मुलीच्या जॅकेटची खोट्या फरची कॉलर, कुण्या बँडवाल्याचा पितळी बटणांचा डगला, आणि अस्तराला पिवळा साटीनचा गाऊन. राजा आतून नाइटगाऊन घालणार म्हणून मी हसले, तर म्हणाली, आतलं कोण बघतंय, फिरताना झळकलं म्हणजे झालं.

कोट उसवायला आम्हाला चार-पाच दुपारी लागल्या. ब्लेडने एकेक टाका कापायचा, कापड ओढायचं नाही, नाहीतर ताणतं. वरून उन्हाने विटलेलं कापड आतून अगदी गडद निघालं, म्हणून मामीने सगळे तुकडे उलटवून घेतले. खिसा असलेल्या जागी रंग जास्त पक्का होता, तो भाग छातीवर आला. मामा शेजारच्या खोलीत राजाचे संवाद घोकायचा आणि मामी तोंडात टाचण्या धरून बाकीच्यांचे. राणी, प्रधान, विदूषक, सगळे टाचण्यांमधून बोलायचे. इतकं सुख मी त्या घरात पुन्हा पाहिलं नाही, खरंच सांगते.

आता मुद्द्याचं. मामी घरच्या माणसाला कधी टेप लावत नसे. टेप गिऱ्हाइकांसाठी. घरच्या माणसाचं माप पाठ नसेल तर संसार कशाला केला, असं तिचं म्हणणं. माझी मापं तिला शाळेपासून तोंडपाठ, आणि मामाची तर झोपेत उठवून विचारा. झगा तिने त्याच हिशेबाने कापला, आणि शिवला.

रविवारी दुपारी मामाला शर्टावरचा जाड स्वेटर काढायला लावून झगा चढवला. खांदे दंडावर उतरले. पुढच्या बाजू एकमेकींवर पार बगलेपर्यंत चढल्या. मामी चक्रावली. मग पारा चढला. आधी कात्रीला शिव्या, मग खापर माझ्या डोक्यावर, इस्त्री करताना तूच ताणलंस म्हणून. मीही ऐकून घेणारी नव्हते, चांगलं सुनावलं. तिने कागदी नमुना काढून झग्यावर ठेवला. तो सगळीकडे बरोबर बसला. कापण्यात चूक नव्हती.

मग तिने खुंटीवरची टेप काढली. मामा म्हणाला, अगं, मी काय गिऱ्हाईक आहे का?  तिने छातीभोवती टेप घेतली, मग कमरेभोवती, मग पुन्हा छातीभोवती. मग त्याच्या शर्टाची बटणं सोडली. शर्टाखाली मामाने अजून एक स्वेटर आणि दोन बनियन घातले होते. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडली होती. कितीतरी महिने त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"नाटक होऊ दे," तो म्हणाला, "मग तू म्हणशील तिथे येतो. आयुष्यात एकदाच मिळालाय गं राजा."

"आणि मला तुम्ही किती वेळा मिळणार आहात?" मामी म्हणाली, आणि टेप हातात घेऊन मटकन खाली बसली. मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. मामाने मान खाली घातली.

सोमवारी डॉक्टर, गुरुवारी तपासण्या, आणि पोटाचं ऑपरेशन ठरलं. ते नाटकाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी. आदल्या दिवशीच दाखल व्हायला सांगितलं. मामाने डॉक्टरांना एक संध्याकाळ मागून पाहिली, ती मिळाली नाही. राजाचं काम मंडळींतल्या औषधवाल्याकडे गेलं. मामी झगा घेऊन तालमीला गेली, त्याला तो एक टाकाही न बदलता बसला. मास्तर वाहवा करत होते, तोवर ती चपला घालून निघालीसुद्धा.

प्रयोगाच्या संध्याकाळी आम्ही दोघी वॉर्डात होतो. मामा मामीला सारखा सांगत होता, जा, झगा दिव्यांखाली कसा दिसतो ते तरी बघून ये. तिने साफ सांगितलं, दुसऱ्याच्या अंगावर मला तो बघवणार नाही. भिंतीवरच्या घड्याळात पडदा उघडायची वेळ झाली. मामाने उशीला पाठ टेकली आणि हळू आवाजात राजाचं पहिलं वाक्य म्हटलं.

मामीने प्रधानाचं म्हटलं. मग राणीचं. पलीकडे पायाला प्लास्टर घातलेला ट्रक ड्रायव्हर होता, त्याने रेडिओ बंद केला. सिस्टर ओरडायला म्हणून आल्या आणि सलाईनची बाटली हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. हॉस्पिटलच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यात मामा किती लहान दिसत होता! आवाज मात्र भरदार लागला होता. विदूषकाच्या विनोदाला वॉर्डातले लोक हसले, आणि मामाने हसू ओसरेपर्यंत बरोबर थांबून पुढचं वाक्य घेतलं.

दुसरा अंक संपला आणि तो थांबला. ड्रायव्हरने विचारलं, पुढे काय होतं राजाचं?

मामा छताकडे बघत राहिला. "तिसऱ्या अंकात राजा मरतो," तो म्हणाला.

 मामीने त्याच्या पायांवरचं पांघरूण ओढून नीट केलं.

"मरत नाही," ती म्हणाली. "तो अंक बदललाय."

"कुणी?"

"मी. तुम्ही पुढचं बोला."

या बदललेल्या अंकाचे संवाद मामाकडे नव्हतेच. त्याने मामीकडे बघितलं, जरा विचार केला, आणि बोलायला लागला.