दुसऱ्याच्या पायाखालचे दगड

फुटबॉलची मॅच सुरू व्हायच्या आधी तासभर मारुतीमास्तर अनवाणी मैदानात उतरायचे आणि दगड वेचायचे. डोक्याचा पटका सोडून त्याची झोळी करायची, या गोलपासून त्या गोलपर्यंत चालत जायचं, तळव्याला टोचेल तो खडा झोळीत टाकायचा. पिंपरीचं ते मैदान म्हणजे मुरमाड माळच होता. पण गंमत अशी, की मास्तरांच्या संघाला कंपनीनं बूट दिलेले. समोरून खेळायला येणारे मात्र बहुतेक अनवाणी, फार तर घोट्याला पट्ट्या गुंडाळलेले.

एकदा त्यांचा सेंटर फॉरवर्ड माझ्यादेखत ओरडला, "अहो मास्तर, राहू द्या की! आपल्या पायात बूट आहेत. टोचले तर त्यांना टोचतील."

मास्तरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "म्हून तर येचतोय, भावा. बूट चढलं, तवापास्नं तुला खडं दिसंना झाल्यात."

मी युनियनच्या कचेरीत पत्रकं लिहिणारा माणूस. माणसाची पारख त्याच्या भाषणावरून करायची मला खोड. या बाबानं मला तिथंच गप्प केलं.

मास्तर मूळचे दिघीचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचं रान लष्करानं घेतलं. ज्या वावरात बाप बाजरी पेरायचा, तिथं सोल्जर लोक फुटबॉल खेळू लागले. हे मास्तर सांगायचे तेव्हा माझं रक्त उसळायचं. ते मात्र हसायचे. "मी कुंपणावर बसून बघायचो. त्यांना मागं उभं ऱ्हायला माणूस घावंना. फुडं नाचायला समदं तयार, मागं थांबाया कोण? म्हनलं, आमचंच रान हाय, थांबतो."

असे ते फुलबॅक झाले आणि पंधरा वर्षं फुलबॅकच राहिले. खडकीच्या एका कारखान्याकडून खेळले, परळच्या एका गिरणीकडून खेळले, रेल्वेच्या एका वर्कशॉपकडून खेळले. संघ मोडला की बाडबिस्तरा उचलायचा आणि दुसरा गाठायचा. गोल करणाऱ्याला हार घालायचे, खांद्यावर घ्यायचे. अडवणाऱ्याच्या नडगीवरची सूज कुणाला दिसते? आख्ख्या कारकिर्दीत त्यांचं नाव वर्तमानपत्रात एकदाच आलं. त्या दिवशी त्यांच्या पायाला लागून बॉल स्वतःच्याच गोलात गेला होता. ते कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं. कुणी फार शेफारला, की ते त्याच्या हातात द्यायचे.

गुडघा गेल्यावर पिंपरीला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यानं त्यांना ठेवून घेतलं. कागदावर स्टोअरमधला मदतनीस, खरं काम संघ शिकवण्याचं. नोकरी टेम्परवारी. "यंदा कप आणा, मग कायम करू," असं साहेब बोलला होता. कायम झालं की मागच्या चाळीत खोली मिळणार होती. मास्तरांची बायको दिघीला तिच्या भावाच्या घरी, मास्तर इथं स्टोअरमागच्या पत्र्याखाली. चाळिशी उलटली तरी एका छपराखाली संसार नाही. त्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे लावायचे, हेसुद्धा नवरा-बायकोचं ठरलेलं होतं.

आणि मी त्यात माती कालवली.

संघातला डाव्या बाजूचा फुलबॅक इस्माईल. मास्तरांनीच घडवलेला. त्याची दोन बोटं मशीनमध्ये गेली. मशीनला जाळी नव्हती, हे आख्ख्या खात्याला ठाऊक. कंपनीनं ठरवलं की गडी निष्काळजी आहे, आणि त्याला काढून टाकलं. मी पेटलो. रातोरात पत्रक लिहिलं, आणि शेवटी ठोकून दिलं: 'संघाचे मास्तर मारुतीराव आमच्या बाजूला आहेत. इस्माईल नसेल, तर फायनलला संघ उतरणार नाही.'

मास्तरांना मी विचारलंच नव्हतं. चहाच्या टपरीवर ते एकदा म्हणाले होते, "वाईट झालं पोराचं." तेवढ्यावर मी त्यांना मोर्चात उभं केलं. आम्हा पत्रकवाल्यांची ही जुनी खोड. गरिबाच्या वतीनं बोलायचं, आणि गरिबाला विचारायचं तेवढं राहून जातं.

दुसऱ्या दिवशी लेबर ऑफिसरनं आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं. टेबलावर माझं पत्रक, आणि शेजारी टाइप केलेला दुसरा कागद. मास्तरांना कायम केल्याचा.

"मास्तर, हे छापायला तुम्ही सांगितलं होतं?"

"न्हाई."

"या माणसानं तुम्हाला विचारलं तरी होतं?"

"न्हाई इचारलं."

साहेब खुशीत आला. "बस, मग एक ओळ लिहून द्या, की हे खोटं आहे. आणि हे पत्र घेऊन जा."

मास्तरांनी त्या पत्राकडं बघितलं. घाई नाही, काही नाही. मग म्हणाले, "सायेब, इचारलं न्हाई ही ह्याची चूक. पन खोटं कुठं हाय? इचारलं असतं, तर मी हेच सांगितलं असतं."

महिनाअखेर त्यांना पुढची मुदत मिळाली नाही. ती खोलीही गेली.

फायनलच्या दिवशी मास्तर नव्हते. संघ मैदानात आला. अकराही जणांनी मधल्या रेषेवर बूट काढून ठेवले. अनवाणी चालत सगळं मैदान वेचलं, इकडचं आणि तिकडचंही, खड्यांचा ढीग केला आणि त्याच्याभोवती बसून राहिले. 'आता खडे दिसतात का रे?' असं सेंटर फॉरवर्डला विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण तो रडत होता. पुढं इस्माईलला परत घ्यावं लागलं, मशीनला जाळी बसली. मास्तरांना कुणी बोलावलं नाही.

मी दिघीला गेलो, तेव्हा ते लष्करी कुंपणाला लागून उरलेल्या पडीक तुकड्यात उभे होते. गावातल्या गड्यांचा संघ उभा करत होते. मेहुण्याच्याच घरात राहत होते. मी रस्ताभर पाठ केलेली माफी पुरी झाली नाही.

"पुढारी, सेल्फ गोल झाला तुझ्याकडनं. माझ्याकडनं बी झाला हुता."

"तेव्हा तुम्ही काय केलंत मास्तर?"

"काय करायचं? बॉल उचलून मदी ठिवला आन् जाग्यावर जाऊन उभा ऱ्हायलो. डोकं धरून बसलं तर दुसरा गोल बसतो."

वहिनी घरातून चहा घेऊन आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्याशी माझी माफी अजून व्हायची आहे.

मास्तरांनी पटका सोडून माझ्या हातात दिला. "त्यो पल्याडचा कोपरा ऱ्हायलाय. वडगावची पोरं यायचीत खेळाय."

मी निघालो, तसे मागून ओरडले, "आरं, चप्पल काढ की! न्हाईतर खडं घावायचं कसं तुला?"

मी चप्पल काढली.