पाण्यातली जागा

जोसिनाला एका जागी बसवत नसे. भावाच्या फीसाठी सहावीनंतर तिची शाळा सुटली, तेव्हापासून आपलं स्वतःचं काहीतरी हवं, ही चुळबुळ अंगात शिरली ती गेलीच नाही. लग्न होऊन ती मलाइता बेटावर, लंगालंगाच्या खाजणकाठी आली. तिथे नवऱ्याच्या घरामागे शेड घालून तिनं हाताने फिरवायचा लोखंडी घाणा बसवला आणि खोबरेल काढू लागली. दोन वर्षांत जवळच्या औकी शहरातले दुकानदार स्वतःहून तेल मागू लागले.

आणि एका सकाळी शेडच्या दाराला झावळीची गाठ बांधलेली दिसली. थोरल्या दिराने, इरोफियालाने बांधलेली. ती सुटेपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि सोडवायची तर बांधणाऱ्याला डुक्कर द्यायचं, अशी तिथली रीत.

"जमीन आमच्या बापाची," तो सुपारी चघळत म्हणाला. "तू बाहेरची. यापुढे घाणा मी बघतो. तू खोबरं किसून देत जा."

"भावजी, घाणा मी आणलाय."

"मग ठेवशील कुठे? डोक्यावर?"

नवरा, माएलाउआ, खाली मान घालून जाळं विणत राहिला.

जोसिनाचा जीव थाऱ्यावर राहिना. दिवसभर ती किनाऱ्यावर येरझारा घाली. शंखाचे मणी घासत बसलेली सासू अखेर वैतागली.

"बस की गं जरा. हे बघ, माझ्या बापानं खाजणात दगड रचून बेट उभं केलं होतं. वादळानं नेलं, पण तळाचे दगड आहेत अजून. वारस मी एकटीच उरलेय. घे तुला."

दुसऱ्याच ओहोटीला जोसिना कमरभर पाण्यात उभी होती. शेजारच्या चौघी जणी होडीतून दगड आणू लागल्या. इरोफियाला आपली होडी थांबवून हसला.

"बायकांनी बेट बांधलंय का कधी?"

"नाही ना. म्हणून तर वेळ लागतोय."

तीन महिने लागले. हात सोलवटले, एक भिंत ढासळली, ती पुन्हा रचली. मग एके दिवशी माएलाउआने आपलं डुक्कर भावाच्या दारात नेऊन बांधलं. गाठ सुटली. घाणा होडीत घालून त्याने बेटावर आणला.

"मला विचारायचंस तरी," ती म्हणाली.

"तू विचारण्याएवढी थांबतेस कुठे?"

तेल पुन्हा निघू लागलं, आता पाच जणींचं. पहिल्याच मोठ्या भरतीला पाणी घोट्यापर्यंत चढलं. बायका बाटल्या उंच धरून उभ्या राहिल्या.

"अजून एक थर लागणार," जोसिना म्हणाली.

"माझा बाप दरवर्षी हेच म्हणायचा," सासू म्हणाली.

पाणी ओसरताच बाकीच्या पाठ टेकायला गेल्या. जोसिना होडी पाण्यात ढकलून दगड आणायला निघालीही होती.