रग्बीच्या खांबाला दोन पाय असतात

"काका, हे काय आणलंत?" गांगुर्डे मॅडमनी विचारलं.

टेम्पोतून माल उतरवून झाला होता. माझी माणसं शाळेच्या मैदानावर पहिला खड्डा खणत होती. शुक्रवारची दुपार, आणि मुलींची मॅच रविवारी सकाळी. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "तुमचे रग्बीचे गोलपोस्ट. फिनिशिंग बघा तरी."

त्यांनी फिनिशिंग बघितलं नाही. शेजारच्या रोलरवर टेकल्या आणि म्हणाल्या, "हे अमेरिकन फुटबॉलचे आहेत."

अंबडला माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. फॅब्रिकेशन म्हणजे लोखंड कापायचं, वाकवायचं, जोडायचं. गेट, ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड, पत्र्याच्या शेडचे सांगाडे. तीस वर्षं हेच करतोय. ड्रॉइंगशिवाय कामाला हात लावत नाही, असं मी नव्या पोरांना ऐकवत असतो. या कामाचंही ड्रॉइंग होतं. मॅडमनी वहीच्या पानावर पेनाने काढून फोटो पाठवला होता. दोन उभे खांब, मध्ये एक आडवा पाईप. झालं.

मला ते बघून दया आली. पीटीच्या बाई, त्यांना काय ड्रॉइंग येणार? मी नेटवर शोधलं. तिथे एक झकास फोटो सापडला. जमिनीतून एकच जाड पाईप निघतो, हंसाच्या मानेसारखा वळतो, त्यावर आडवा पाईप आणि दोन्ही टोकांना उंच खांब. आमच्यात अशा वळणाला गुजनेक म्हणतात. ते सुरकुती न पडता वाकवणं येरागबाळ्याचं काम नाही. शिवाय दोनाऐवजी एकच खड्डा. मी मॅडमचं ड्रॉइंग सुधारलं आणि त्यांना सरप्राइज द्यायचं ठरवलं. शहाण्या माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं.

"पण चेंडू तोच ना? अंड्यासारखा?" मी जमेल तेवढा किल्ला लढवला.

"काका, कुस्ती आणि कबड्डी दोन्ही मातीत होतात. म्हणून एकच का?"

मी कॉलेजात कबड्डी खेळलेला माणूस. हे मात्र लागलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. अमेरिकन खेळात पाच-दहा सेकंद धडक, मग शिट्टी, मग घोळका करून खलबतं, मग पुन्हा धडक. कबड्डीची एकेक चढाई असते तसं. चेंडू पुढे फेकता येतो. अंगावर हेल्मेट, खांद्यावर पॅड. रग्बीत मुलगी पाडली तरी खेळ थांबत नाही. तिने चेंडू सोडायचा, दुसरीने उचलायचा आणि पळायचं. हाताने पास फक्त मागे.

"पळायचं पुढे आणि चेंडू टाकायचा मागे?"

"हो. म्हणून सगळ्यांना सोबत पळावं लागतं."

खांबाचा मुद्दा शेवटी आला. अमेरिकन खेळात खांब मैदानाच्या पार मागच्या टोकाला. रग्बीत ते गोलरेषेवरच, ऐन गर्दीत. मुली त्यांच्या आजूबाजूने पळणार, आपटणार. म्हणून दोन सरळ पाय आणि पायांना जाड गादी. "तिकडे खेळाडू गादी बांधून खेळतात. आम्ही खांबाला बांधतो," मॅडम म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

कारण नंतर कळलं. शाळेचे सेक्रेटरी क्रिकेटवाले. मुलींनी एकमेकींना पाडायचं हा काय खेळ, असं त्यांचं मत. दोन वर्षं या मुली बांबू रोवून खेळत होत्या. सेक्रेटरी म्हणाले होते, "रविवारी नीट मॅच करून दाखवा. नाहीतर सोमवारी तिथे क्रिकेटची नेट लागेल." बाहेरची टीम येणार होती. बांबूंवर मॅच खेळायला पंच तयार नव्हते.

माझ्या हौसेपायी यांचं मैदान जाणार होतं. खरं सांगतो, इतकी लाज मला बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

टेप काढला. मॅडमच्या कागदावर दोन खांबांमध्ये पाच मीटर साठ, आडवा पाईप तीन मीटरवर. माझे नेटवरचे साडेअठरा फूट आणि दहा फूट. हिशेब केला तर रुंदीत जेमतेम चार सेंटिमीटरचा फरक! खेळ वेगळे, पण घराणं एकच असणार. म्हणजे वरचा भाग वाचत होता. गुजनेक कापायचे, आडवे पाईप चार सेंटिमीटरने कमी करायचे, खाली पाय जोडायचे.

"शेठ, कापायचं ते मला सांगू नका," नाना म्हणाला. नाना माझा वेल्डर, सायखेड्याचा. ती मान त्यानेच वाकवली होती. शनिवारी सकाळी शेडमध्ये त्याने स्वतःच ग्राइंडर लावला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी पाय जोडून खांब मैदानावर आले, तेव्हा नवी पंचाईत. काँक्रीट घातलं तर ते पक्कं व्हायला निदान आठवडा हवा. आमच्याकडे एक दुपार होती.

"सिमेंट कशाला लागतंय?" नाना म्हणाला. "माझ्या भावाचा द्राक्षाचा मांडव बघा. टनानं माल लटकतो. कडेचे खांब नुसते दगड-मुरमात हायेत. खड्डा खोल पायजे आन ठोकणारा दमदार पायजे."

चार फुटांचे चार खड्डे, खाली कडक मुरूम. माझी दोन माणसं अर्ध्या तासात घामाघूम झाली. टीममधल्या निम्म्या मुली हरसूलकडच्या पाड्यांवरच्या, होस्टेलवर राहणाऱ्या. त्यांची कॅप्टन सविता शांतपणे बघत होती. शेवटी म्हणाली, "काका, पहार द्या इकडं. तुमची मान्सं नुसती खरडतात."

पहार दिली. पुढचे दोन तास मी फक्त ओळंबा धरला. मुली खणत होत्या, दगड भरत होत्या, पाणी मारून धुमसाने ठोकत होत्या. हसणं-खिदळणं चालूच. मधल्या वेळात मी गादीवाल्याकडे फोम आणि रेक्झिन घेऊन गेलो. खांबाचं माप सांगितल्यावर तो म्हणाला, "खांब आजारी आहे का?"

रविवारी सेक्रेटरी पहिल्या रांगेत, कपाळाला आठ्या. मी कुंपणापाशी, कारण पळून जायला गेट जवळ होतं. खेळ सुरू झाला आणि मी खेळ बघतच नव्हतो, खांब बघत होतो. दहाव्या मिनिटाला सविता चेंडू घेऊन मुसंडी मारत आली. समोरच्या दोघींनी तिला धरलं आणि तिघी मिळून खांबावर आदळल्या. धप्प. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा खांब जागेवर होता, तिघी उठल्या होत्या आणि पळतही होत्या. नाना माझ्या कानाशी म्हणाला, "द्राक्षाचा मांडव." त्यापुढे मी मॅच बघितली, आणि बघता बघता उभा राहून ओरडायलाही लागलो.

आमच्या मुली थोडक्यात हरल्या. पण शेवटी दोन्ही टीमनी रांगा करून एकमेकींसाठी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी मॅडमना म्हणाले, "इतकी आपटाआपटी, आणि पंचाशी एकदाही वाद नाही? आमच्यात एका एलबीडब्ल्यूवरून वर्षभर बोलत नाहीत लोक." मग त्यांनी मला बोलावलं.

"हे खांब सिमेंटशिवाय उभे केलेत म्हणे?"

"हो साहेब. कच्चे आहेत. काढायचे म्हटलं तर तासाभरात निघतील."

मॅडम जमिनीकडे बघत होत्या. सेक्रेटरी खांबापाशी गेले, दोन्ही हातांनी ढकलून बघितला.

"काढायचे कोण म्हणतंय? उद्या या आणि सिमेंट घाला."

सविताने आधी मॅडमना मिठी मारली, मग नानाला. नाना इतका लाजला की टेम्पोत जाऊन बसला.

सोमवारी सकाळी सातला मी मैदानावर हजर होतो. तेव्हापासून शेडमध्ये नव्या पोरांना एकच सांगतो: गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग चुकलंय असं वाटलं, तर आधी फोन करा. पाईप नंतर वाकवा.