पुतण्यानं मला ग्रुपमधून काढलं

माझ्या पुतण्यानं मला गावाच्या शेतकरी ग्रुपमधून काढलं. त्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मी चौथीत शाळा सोडली. वाचता येतं, पण मोबाईलवर बोटानं लिहिणं मला जमत नाही. म्हणून मी बोलून पाठवायचो. पुतण्याचं कृषी केंद्र आहे, ग्रुपही त्याचाच. धानाला तुडतुडा लागला तेव्हा त्यानं औषधाच्या बाटलीचा फोटो टाकला. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी होतं. मी विचारलं, ते काढून फवारायचं की पाण्यातच? उत्तर नाही. परत विचारलं. मग जरा आवाज चढवून विचारलं, तर ग्रुपच बंद झाला माझ्यासाठी.

दुकानात गेलो. तो गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "मोठेबाबा, तुमच्या लंब्या लंब्या बोलण्यानं लोकं कंटाळून रायले. तुमी घरी आराम करा न."

चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "काय बा, पुतण्यानं हाकललं म्हंते तुमाले?" सगळे हसले. मी कप अर्धा ठेवून उठलो. याचा ग्रुप ओस पाडीन, तेव्हाच ठरवलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते. सोयरेधायरे जमतात, रात्री दंडारीचं नाटक पाहतात, लेकींसाठी स्थळं काढतात. त्या वर्षी मी मंडई-मंडई फिरलो आणि नंबर जमवले. लाखांदूरकडची व्याहीण, नाकाडोंगरीचा साडू, धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करणाऱ्या बाया, लाखनीचा एक ट्रकवाला, ज्याची बांधी हायवेला लागून आहे. सुनेनं मोबाईलवर ग्रुप बनवला.

"मामाजी, नियम काय ठेवू?"

"लिहायचं नाई. तोंडानं बोलायचं. फोटो चालते."

पुढच्या हंगामात लोंब्या निघायच्या वेळी व्याहिणीचा आवाज आला. "इवाई, वरून धान हिरवं दिसते, पण बुडाशी वाकून पाहा. किडे भरले हायेत." आम्ही सगळे आपापल्या बांधीत वाकलो. साडू म्हणाला, त्याच्याकडे येणाऱ्या कृषी सहायकानं आधी पाणी काढायला सांगितलंय. ट्रकवाल्यानं काढून पाहिलं आणि म्हणाला, पाणी काढलं तरी धान दाट असलं तर हवा आत जात नाही, मधे पट्टे मोकळे करा. एका बाईनं त्यालाही टोकलं, "आता कायले उपटता, लोंब्या मोडतीन. हातानं दोन्हीकडं सारा." पुरतं कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही. एकाचं अर्धं, दुसऱ्याचं पाव, असं जोडत जोडत आमचं धान वाचलं. गावातले लोक एकेक करून इकडे आले. पुतण्याच्या ग्रुपात बाटल्या आणि सकाळच्या फुलांचे फोटो तेवढे उरले. मला फार बरं वाटलं.

मग तो घरी आला. बसला. सुनेनं दिलेलं पाणी प्यायला.

"मोठेबाबा, मलेबी टाका न तुमच्या ग्रुपात. गिऱ्हाईक येऊन सांगते, तिथं असं बोलले, तसं बोलले. मले काहीच मालूम नसते."

"पयले मले तुझ्या ग्रुपात घे. आन् काहून काढलं होतं ते बोलून सांग. लिहून नाई."

त्यानं मला परत ग्रुपात घेतलं आणि माझ्यासमोर मोबाईल तोंडाशी धरला. "मोठेबाबाले मी काढलं होतं. माझं चुकलं." तो आवाज मी टपरीवर नेऊन पूर्ण मोठा करून ऐकवला. कोणी हसलं नाही.

मग त्याला आमच्यात घेतलं. वाटलं, आता रोज खाली मान घालून ऐकेल. पण पहिल्याच दिवशी व्याहिणीनं औषधाचं विचारलं, तर तो बोलला. दोन औषधं एकत्र करू नका, फवाऱ्याचं तोंड खाली बुडाशी ठेवा, वाऱ्याच्या उलट उभे राहू नका. सावकाश, समजेल असं. बाया त्यालाच विचारू लागल्या. माझ्या ग्रुपात, माझ्या पुतण्याची वाहवा. मी जळलो. त्याला काढायचं बटण कोणतं ते सुनेकडून शिकून घेतलं होतं. काढलं असतं, तर त्या बायांनी माझं तोंड पाहिलं नसतं.

व्याहिणीनं फोन केला. "झालं न आता, इवाई. पोरगं कामाचं निघालं."

मी म्हणालो, "निघू द्या. त्याचं ज्ञान ग्रुपाचं हाये, ते घ्या तुमी. माझा राग माझा हाये."