स्टँडवर उतरा, कोणालेही विचारा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या बँकेच्या पिनपासून सगळं ठाऊक असतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही गोपालला ओळखत नाही.

आधी माझं काम सांगतो. इंटरनेटवरच्या पानांच्या पोटात काही खुणा लिहिलेल्या असतात. आपल्याला दिसत नाहीत, मशीनला दिसतात — हे दुकान आहे, हा त्याचा फोन, हा पत्ता. त्या वाचूनच तुमचा फोन तुम्हाला सांगतो की जवळपास काय कुठे मिळतं. या खुणा कशा लिहायच्या, याचे जगभर पाळले जाणारे नियम आहेत आणि ते सुधारायला एक समिती आहे. मी जळगाव जामोदला घरी बसून पुण्याच्या ज्या कंपनीचं काम करतो, तिने मला त्या समितीत बसवलं. मान मोठा, आणि काम — काय सांगू? 'करावे' लिहायचं की 'केलेच पाहिजे', यावर तिथे व्हिडिओवरच्या बैठकांत महिनेच्या महिने जातात. एक जण बोलतो, दुसरा तेच फिरवून बोलतो, तिसरा म्हणतो पुढच्या बैठकीत बघू. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा परवडली, तिथे निदान चहा तरी मिळतो!

पण वैतागलो होतो म्हणून तसं झालं, असं नाही. तसं म्हणून सुटता आलं असतं, तर कधीच सुटलो असतो.

त्या समितीची एक रीत आहे. जुनी खूण काढून टाकायची असेल तर आधी सगळ्यांना विचारतात — ही वापरणारं, चालू असलेलं एखादं पान कोणाकडे आहे का? एक जरी पान दाखवलं, तरी खूण राहते. कोणी बोललं नाही, की गेली; मग फोन ती वाचणं सोडतात. त्या संध्याकाळी काढायची खूण होती शब्दांतल्या पत्त्याची. म्हणजे घर नंबर, रस्ता, पिन असे तुकडे न पाडता, आपण बोलतो तसा सरळ वाक्यात लिहिलेला पत्ता. अध्यक्षबाई म्हणाल्या, आजच्या काळात असा पत्ता लिहितं कोण?

कोण लिहितं? मीच लिहिला होता की!

गोपाल माझा शाळेपासूनचा मित्र. सोनाळ्याला त्याची रोपांची नर्सरी आहे — मिरची, वांगी, टमाटे. नर्सरी शेतात. तिथे कुठला घर नंबर आणि कुठला रस्ता? त्याचं पान मी बनवून दिलं आणि पत्ता त्याने सांगितला तसाच टाकला: 'सोनाळ्याच्या स्टँडवर उतरा, कोणालेही गोपालची नर्सरी विचारा, नाही सापडली त फोन लावा, मी गाडी घेऊन येतो.' पानाच्या डोक्यावर एक लुकलुकणारी लाल मिरची होती. ती त्याने हट्टाने लावून घेतली होती. हसा, मीही हसलो होतो. पण त्या पानावरून सातपुड्याच्या पलीकडचे, मध्य प्रदेशातले शेतकरी त्याच्याकडे यायचे. त्याचा धंदा त्यांच्यावरच उभा होता.

मला काय करायचं होतं? फक्त ते पान सगळ्यांना उघडून दाखवायचं होतं. उघडलंही होतं मी, माझ्यापुरतं. आणि मग वाटलं — आता ही मिरची लुकलुकणार, ते 'कोणालेही' पडद्यावर येणार आणि बैठकीत बसलेले पुण्याचे माझे साहेब ते मोठ्याने वाचणार. नोकरीला नवा होतो तेव्हा एकदा तोंडून 'मले' गेलं होतं. त्यावरून ऑफिसात कितीतरी दिवस माझी टिंगल चालली होती. तेव्हापासून मी 'मला' म्हणतो, झोपेतसुद्धा. तर — लाज वाटली. कोणाची? गोपालची? त्याच्या मिरचीची? की मीही त्याच्यातलाच, हे दिसेल याची?

अध्यक्षबाईंनी माझं नाव घेऊन विचारलं. तुमच्या भागात गावं पुष्कळ, तुमच्या माहितीत आहे का असं एखादं पान?

मी म्हणालो, नाही.

झालं. खूण गेली. ज्या बैठकांत एक शब्द ठरायला महिने लागतात, तिथे हे माझ्या टेबलावरचा चहा निवायच्या आत ठरलं.

रोपांचा हंगाम तोंडावर आला आणि गोपालचा फोन आला.

"काऊन बे, माही नर्सरी फोनात दिसूनच नाही राह्यली?"

"वरून नियम बदलला बे," मी म्हणालो. "म्या लय भांडलो तेथी. पण आपलं कोन आयकते?"

खोटं बोलताना मात्र वऱ्हाडी बरी आठवली मला.

मग मी पान दुरुस्त केलं. गावाचा पिनकोड टाकला, 'मेन रोड' टाकला. फोन लोकांना पोस्टाच्या दारात नेऊन सोडू लागला. फोनच सांगतोय म्हटल्यावर कोण कोणाला विचारतं? लांबून आलेली माणसं चिडायची आणि जाता जाता दुसऱ्या नर्सरीतून रोपं भरून घ्यायची. गोपालची रोपं ट्रेमध्येच वाढत राहिली. मिरचीचं रोप वेळेत लागलं नाही की लांबोडकं होतं, मग फुकटही कोणी नेत नाही.

ती रोपं बांधावर ओतायची होती, त्या दिवशी मी तिथे गेलो. का गेलो, ते मला विचारू नका. एका बाजूने गोपाल ट्रे धरायचा, एका बाजूने मी. त्याची बायको, सुनीता, बाजूला उभी होती. ती मला म्हणाली, "भाऊ, तुमी त तेथीच होते ना? मंग असं कसं होऊ देल्लं?"

मी सांगणार होतो. खरंच तोंड उघडलं होतं.

गोपाल तिच्यावर खेकसला. "याले काही बोलू नको. आपल्यासाठी हा एकटा भांडला तेथी!"

मी पुढचा ट्रे उचलला.

त्याने हे गावभर सांगितलंय. आता सोनाळ्याच्या स्टँडवर उतरलो की चहावाला मला बसवून घेतो आणि पैसे काढले की हात धरतो. "राहू द्या भाऊ," म्हणतो, "तुमी त आपल्या गोपालसाठी भांडले."

मी पैसे खिशात ठेवतो आणि चहा पितो.