शरदातल्या तीन बाटल्या

इरा, ओम, हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. तुमच्या पप्पांपाशी तर नाहीच. आठ वर्षं झाली. तुमची आजी किती नीटनेटकी आहे ते तुम्ही जाणता — डब्यांवर चिठ्ठ्या, कपाटात घड्या — पण ही एक गोष्ट कुठे ठेवायची ते मला कळलं नाही.

गेल्या महिन्यात, इरा, तू फोनवर सहज म्हणालीस, की डॉक्टरांच्या फॉर्मवर घरात कुणाला दारूचं व्यसन होतं का असं विचारलं होतं आणि तू ‘आजोबांना’ असं लिहिलंस. मी ‘हं’ म्हणाले. मग तुझ्या परीक्षेचं विचारलं. का? तेव्हाच का नाही बोलले?

कुठून सुरुवात करू — शरदापासूनच करते. मी तीस वर्षं लातूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. ऑटम म्हणजे शरद, असं फळ्यावर लिहायचे. दर वर्षी एखादी मुलगी उठायची. “बाई, शरदात पानं कुठं झडत्यात? आमचा लिंब तर शिमग्याला झडतो.” मी तिला खाली बसवायचे. पुस्तकातला तो शरद मीही कधी पाहिला नव्हता.

आजोबांचं बायपास झालं तेव्हा पप्पा लातूरला आले होते. मित्रांसाठी स्कॉचच्या तीन बाटल्या आणल्या होत्या, सिंगल माल्ट. दवाखान्याच्या धावपळीत त्या कपाटातच राहिल्या. खोक्यावर इंग्रजीत छापलं होतं: शरदातल्या संध्याकाळी, शेकोटीपाशी बसून घेण्यासाठी.

भाद्रपद अर्धा सरला होता. आजोबा पुन्हा औशाला, आपल्या बियाण्यांच्या दुकानात जाऊ लागले होते. बाहेर ऊन, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि मी दुपारी चार वाजता पहिल्या बाटलीचं सील फोडलं. खोकल्याच्या औषधाचं टोपण होतं, त्यात ओतली. नुसतं चाखून बघायचं होतं — असंच मी स्वतःला सांगितलं.

पहिलीला मनुकांचा वास होता. दुसरीत चार थेंब पाणी टाकलं आणि माझं माहेर आलं — अर्धापूरला केळी पिकत घातलेली अंधारी खोली, तसा गोड, जड वास. तिसरी दवाखान्यासारखी लागली, आणि मागून तुराट्यांच्या चुलीचा धूर. मी वहीत लिहून ठेवत होते, तारखेनिशी. शरद कळला का? नाही कळला. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या आठवड्यापासून मी शरद शोधतही नव्हते. मला ती आवडत होती. चार वाजायची वाट बघत होते. एका टोपणाची दोन झाली होती.

आजोबा मला चिडवायला ‘बाई’ म्हणायचे, शाळेतल्या मुलींसारखं. एकदा संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, “बाई, हल्ली तोंडाला बडीशेपेचा लई वास यायलाय. दुकान टाकलं का काय बडीशेपेचं?” मी हसले. तेही हसले. त्यांना कळलं होतं का? हे मी इतक्यांदा मनात फिरवलंय, की आता ते नक्की कसे हसले होते तेही आठवेनासं झालंय.

दसऱ्याला पप्पा एकटेच आले. मित्र येणार म्हणून त्यांनी कपाट उघडलं. तिन्ही बाटल्या चार-चार बोटं उतरलेल्या. घरात माणसं दोनच, आणि आई पीत असेल हे त्यांच्या मनात यायला जागाच नव्हती. ते सरळ आजोबांकडे वळले.

“बाबा, छाती उघडून सहा महिने झाले नाहीत. तुम्ही पिता?”

आजोबा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग होतं. आयुष्यात थेंब घेतला नव्हता त्यांनी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते, हातात आपट्याची पानं. मी तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं.

“हाव,” ते म्हणाले. “घेतली. आता काय फाशी देतूस का?”

पप्पा खूप बोलले. शेवटी म्हणाले, हे असं चालणार असेल तर नाताळात मुलांना इथे आणणार नाही, काढलेली तिकिटं रद्द करतो. मी त्यांना जेवायला वाढलं. पुरण जमून आलं होतं.

आजोबांनी ते माझ्यासाठी केलं, की मी बोलते का ते बघत होते? मी कधीच विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. मी उरलेली दारू मोरीत ओतली आणि वही फाडली. लाज मुलापुढे वाटत होती, की माझ्यातल्याच त्या शाळेतल्या बाईपुढे, तेही मला सांगता येत नाही.

डिसेंबरात त्यांनी तुमच्यासाठी आणून ठेवलेल्या दोन गाद्या पुन्हा माळ्यावर चढवल्या. टाके घातलेल्या छातीनं, स्वतः. मला म्हणाले, “लेकरांला तिकिटं मिळाली न्हाईत म्हन. दुसरं काही सांगू नको.” मी तुम्हांला फोन लावून तसंच सांगितलं. ओम, तू रडलास. आजोबा शेजारी बसून ऐकत होते. त्यांना बोलायला फोन दिला, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

वैशाखात ते गेले. तुम्ही त्यांना परत पाहिलं नाहीत.

तिकिटं होती. पिणारी मी होते.